खिडकीजवळची खाट

मोठ्या डॉक्टरांनी डस्टर शोधलंच नाही. पांढऱ्या फळ्यावर आकडेबाईनं काढलेली आकृती त्यांनी सरळ तळहातानं पुसली. अर्धी फळ्यावर राहिली, अर्धी निळी होऊन त्यांच्या हाताला लागली.

"म्हणजे बाहेर पॅसेजमध्ये माणसं स्ट्रेचरवर पडलीत, आणि तुम्ही मला सांगताय की वॉर्डात बेड रिकामे ठेवा."

"दोनच, सर," आकडेबाई म्हणाली. "रोज सकाळी. खिडकीजवळचा आणि त्याच्या शेजारचा."

"मी इथं हाडं जोडतो. रिकामा बेड बघितला की माझे हात शिवशिवतात."

"माहीत आहे, सर. त्यामुळेच तर सोमवारी तुम्ही अख्खा वॉर्ड भरून टाकता."

कोपऱ्यात बसलेल्या हेड सिस्टरनं खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. अधीक्षक मात्र उघड हसले.

आकडेबाई हे नाव तिला पहिल्याच आठवड्यात चिकटलं होतं आणि तिनं ते काढून टाकायचा प्रयत्नही केला नव्हता. इथं येण्यापूर्वी ती शहराच्या वाहतूक विभागात सिग्नलचं गणित करायची. कोणत्या चौकात लाल दिवा किती वेळ ठेवला तर पुढच्या चौकात गाड्या तुंबत नाहीत, हे तिला तोंडपाठ होतं. अधीक्षकांनी तिला बोलावलं ते शस्त्रक्रिया विभागाचा पॅसेज मोकळा करायला. तिथं अपघाताचे, पडझडीचे रुग्ण खाट मिळेपर्यंत स्ट्रेचरवर तासन् तास कण्हत पडलेले असायचे. नवा वॉर्ड बांधला पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

आकडेबाईनं मत दिलं नाही. लिफ्टशेजारी स्टूल टाकून ती कित्येक दिवस नुसती बघत बसली. मग तिनं संगणकात एक खोटं रुग्णालय उभं केलं. त्यात खोटे रुग्ण पडायचे, मोडायचे, दाखल व्हायचे, बरे होऊन घरी जायचे. खऱ्या रुग्णालयाला जे वर्ष काढायला वर्ष लागतं, ते तिचं खोटं रुग्णालय जेवणाच्या सुटीआधी संपवायचं. आणि दर वेळी ते एकच गोष्ट सांगायचं. अपघात सांगून येत नाहीत म्हणून गर्दी होते, असं इथं सगळे धरून चालले होते. पण न सांगता येणारे रुग्ण बऱ्यापैकी शिस्तीत येत होते. बेशिस्त होती ती तारीख देऊन बोलावलेल्यांची. आठवड्याच्या सुरुवातीलाच सगळी ठरलेली ऑपरेशनं उरकायची, वॉर्ड काठोकाठ भरायचा, आणि मग मंगळवारी कोणी जिन्यावरून पडलं की त्याला पॅसेज दाखवायचा.

"रस्ता शंभर टक्के भरला, एक इंच मोकळा राहिला नाही, तर आपण त्याला चांगला वापरलेला रस्ता म्हणतो का?" तिनं विचारलं. "कोंडी म्हणतो. बेडचंही तेच आहे. ऑपरेशनं आठवडाभर पसरा आणि दोन बेड मोकळे ठेवा. नवा वॉर्ड लागणार नाही."

मोठ्या डॉक्टरांनी हाताला लागलेली शाई बघितली.

"तीन महिने," ते म्हणाले. "त्या दोन बेडवर तातडीचा रुग्ण सोडून दुसऱ्या कोणाला घ्यायचं तर माझी आणि तुमची, दोघांचीही संमती लागेल. जमेल?"

"जमेल की."

ती इतक्या पटकन म्हणाली की अधीक्षकांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. गणितावर तिचा विश्वास होता आणि गणितानं तिला आजवर तोंडघशी पाडलं नव्हतं.

*

घरी सासूबाईंचा उजवा गुडघा वर्षभर बोलत होता. आधी जिना चढताना, मग उतरताना, आणि आता बसल्या जागीही. गुडघा बदलण्याची तारीख मिळाली ती नेमकी या तीन महिन्यांत. ठरलेल्या दिवशी त्या पहाटेपासून उपाशीपोटी तयार होऊन बसल्या. बॅग त्यांनी स्वतः भरली होती: दोन गाऊन, चष्मा, शब्दकोड्यांचं पुस्तक आणि शेजारणीकडून आणलेली मऊ उशी. "तिथल्या उशा म्हणजे विटा असतात," असं त्यांनी मुलाला बजावून सांगितलं होतं.

दाखल करून घ्यायच्या खोलीत पोचल्यावर कळलं, की खाट नाही. आदल्या दिवशी घरी जायचे होते ते दोघं ताप आल्यामुळे थांबले होते. हेड सिस्टरनं हे सांगताना आकडेबाईकडे बघायचं टाळलं.

"पुढच्या आठवड्यातली तारीख देते, आजी. पहिला नंबर तुमचा."

सासूबाईंनी गुडघ्यावर हात ठेवला. तो मोज्याच्या वर टम्म सुजला होता. शेजारी आकडेबाईचा नवरा उभा होता, एका हातात बॅग, काखेत उशी.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. सासूबाईंना त्यांनी तपासलेलं होतं, त्यामुळे ओळख द्यायची गरज पडली नाही. त्यांनी वाकून गुडघा पाहिला, मग सरळ होऊन आकडेबाईला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे चार पावलांवर. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येत होतं.

"खिडकीजवळचा बेड आहे," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, हेच तिला जड गेलं. "त्यांना त्रास होतोय. उपाशी आहेत. माझी हरकत नाही. तुम्ही हो म्हणा, मी आत्ता घेतो."

"सर, इतर कोणाच्या सासूसाठी तुम्ही विचारलं असतं?"

"कदाचित नसतं."

"मग नको."

"एका दिवसाचा प्रश्न आहे, मॅडम. तुमचं गणित एका दिवसानं कोसळत नाही."

"एका दिवसानं नाही कोसळत. पण उद्या अकाउंटवाल्यांचे काका येतील, परवा तुमचा वर्गमित्र येईल. त्यांना मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

नवऱ्यानं काखेतली उशी दुसऱ्या काखेत घेतली. "अगं, आईकडे बघ तरी," तो हळूच म्हणाला.

ती बघतच होती. सासूबाईंनी खुर्चीच्या दांड्यावर दोन्ही हात रोवले, दात आवळले आणि उठून उभ्या राहिल्या. आकडेबाई आधार द्यायला पुढे झाली, तसा त्यांनी तिचा हात चुकवून भिंत धरली.

"चल रे," त्या मुलाला म्हणाल्या. "इथं आपली कोणाशी ओळख नाही."

*

संध्याकाळी निघण्यापूर्वी आकडेबाई वॉर्डात डोकावली. खिडकीजवळची खाट सकाळी जशी होती तशीच होती. चादरीला एक सुरकुती नव्हती. शेजारच्या खाटेवर दुपारी एक पाय मोडलेला माणूस आला होता. ही मात्र दिवसभर कोरी राहिली होती.

मोठे डॉक्टर फेरी संपवून बाहेर पडत होते. तिच्या नजरेच्या रोखानं त्यांनी पाहिलं.

"राहिला रिकामा," ते म्हणाले.

"काही दिवस राहणारच, सर. एकही दिवस रिकामा राहिला नाही, तर दोन बेड कमी पडताहेत असं समजायचं."

"तुम्हाला वाईट वाटत नाही?"

"वाटतं ना," ती म्हणाली. "पण त्यानं उत्तर बदलत नाही."

डॉक्टर मान हलवून निघून गेले.

घरी सासूबाई पाय उशीवर ठेवून पलंगावर बसल्या होत्या. शब्दकोड्यांचं पुस्तक उघडं होतं, पण पेन बंद होतं. आकडेबाईनं पर्स खाली ठेवायच्या आतच प्रश्न आला.

"कोण झोपलं मग माझ्या खाटेवर?"

नवरा दारात येऊन थांबला. बायकोनं एखादा कोसळलेला जिना, एखादा पडलेला म्हातारा सांगून टाकावा, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"कोणीच नाही, आई."

"कोणीच नाही?"

"दिवसभर रिकामी होती."

सासूबाईंनी पेनचं टोपण काढलं आणि कोड्यात एक अक्षर इतक्या जोरानं लिहिलं की कागद फाटला.

त्या रात्रीपासून त्या तिच्याशी थेट बोलायच्या बंद झाल्या. बोलणं मुलामार्फत व्हायचं. "तिला सांग, भाजीत मीठ नाही." "तिला विचार, माझा चष्मा कुठे ठेवला." ती समोरच बसलेली असायची. नवरा टेनिसच्या सामन्यातल्यासारखा एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवायचा. आकडेबाई रोज रात्री सासूबाईंच्या गुडघ्याला शेक द्यायची; त्या पाय पुढे करायच्या आणि छताकडे बघायच्या.

रुग्णालयात त्याच आठवड्यात एक रंगारी परांचीवरून खाली पडला. ऑपरेशन झाल्यावर त्याला थेट खिडकीजवळच्या खाटेवर नेलं. पॅसेजमध्ये तो क्षणभरही थांबला नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल कोणी काही बोललंही नाही. न तुंबलेल्या चौकाची बातमी होत नाही, हे आकडेबाईला जुन्या नोकरीपासून ठाऊक होतं. फक्त हेड सिस्टर जाता जाता म्हणाली, "पॅसेजमधली जास्तीची स्ट्रेचर गोदामात पाठवली. उगाच पायात येत होती."

आकडेबाईनं नुसती मान डोलावली, पण लिफ्टची वाट न बघता ती तीन मजले जिन्यानं चढून गेली.

*

सासूबाईंचा पहिला नंबर खरोखरच पहिला लागला. आत नेण्यापूर्वी स्ट्रेचरवर आडव्या असताना त्यांनी हातातल्या बांगड्या उतरवल्या. मुलानं हात पुढे केला. त्यांनी तो ओलांडून बांगड्या सुनेच्या ओंजळीत टाकल्या.

"हा कुठेतरी ठेवून विसरेल," त्या म्हणाल्या. "तू सांभाळ."

ऑपरेशन चांगलं झालं. मोठ्या डॉक्टरांनी बाहेर येऊन नवऱ्याला सगळं समजावलं, आणि आकडेबाईकडे वळून म्हणाले, "अधीक्षकांना मी सांगितलंय, तीन महिन्यांचं कलम काढून टाका. पुढेही असंच चालू दे." मग लगेच, तिनं आभार मानण्याच्या आत, "पण बुधवारी ऑपरेशनची एक लिस्ट मला वाढवून पाहिजे. बसा आणि गणित करा."

"केलंय, सर. जमतंय."

"तुम्ही माणसाला रुबाबसुद्धा करू देत नाही," असं पुटपुटत ते गेले.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला आकडेबाई वॉर्डाच्या दारापर्यंत पोचली, तेव्हा आत सासूबाईंची धाकटी बहीण आलेली होती. दोन पिशव्या, एक छत्री आणि जिना चढून लागलेली धाप घेऊन त्या उभ्या होत्या. सासूबाईंची खाट मधल्या रांगेत होती. बसायला जवळपास खुर्ची नव्हती. मावशींनी इकडे तिकडे पाहिलं, खिडकीजवळच्या रिकाम्या खाटेवर पिशव्या टेकवल्या आणि स्वतःही सुस्कारा सोडत तिथंच बसल्या.

"ऊठ तिथून," सासूबाई म्हणाल्या.

"अगं ताई, दम तर खाऊ दे. कोणी नाहीये इथं."

"ऊठ म्हणते ना. ती खाट दिलेली आहे."

"कोणाला?"

आकडेबाई दारातच थांबली. सासूबाईंची तिच्याकडे पाठ होती. पट्ट्यांत गुंडाळलेला पाय त्यांनी किंचित सरकवला, कळ आली तशी खाटेची कड घट्ट धरली, आणि कळ ओसरल्यावर म्हणाल्या,

"त्याचं त्यालाही अजून माहीत नाही. आत्ता धडधाकट असेल. जेवत असेल कुठेतरी."

मावशींना त्यातलं काही कळलं नसावं. पण त्या उठल्या. पिशव्या उचलून खाली ठेवल्या, आणि जिथं बसल्या होत्या तिथं चादरीवर पडलेली चुणी हातानं नीट सारखी केली.

आकडेबाई आवाज न करता मागे वळली आणि त्यांच्यासाठी खुर्ची शोधायला पॅसेजमध्ये गेली.