फ्रीज, वॉशिंग मशीन आणि करुणाची सोयरीक

वसमतच्या कॉलेजात संख्याशास्त्राच्या सरांनी मला आणि आमच्या गल्लीतल्या करुणाला एक प्रकल्प दिला होता. आमच्या कुरुंदा गावात घरोघरी जायचं, कोणाकडे विजेची कोणती वस्तू आहे ते विचारायचं आणि सहसंबंध काढायचा. म्हणजे फ्रीजवाल्या घरात वॉशिंग मशीनही सापडतं का, सापडलं तर कितपत. सरांना हे काम अगदी सोपं वाटलं. सर कुरुंद्याचे नाहीत, त्यांचा तरी काय दोष!

आमच्या गल्लीत कोणाच्याही पोरीला बघायला पाहुणे येणार असले की सगळ्या गल्लीतलं सामान त्या घरात जमा होतं. वॉशिंग मशीन भावसिंग काकांचं आणि फ्रीज आमचा. माझे अब्बा चाँद पाशा हळदीचे व्यापारी, त्यामुळे आमचा फ्रीज मोठा, दोन दारांचा. अम्मी आतला खिमा काढून घेते, दारं पुसते आणि उचलणाऱ्या पोरांना आडवा करू नका म्हणून दहादा बजावते. आमचा फ्रीज आजवर जितक्या पाहुण्यांना पसंत पडला, तितक्यांना गल्लीतली एकही पोरगी पडली नसेल. आता अशा फ्रीजची नोंद कोणाच्या घरी करायची, हे सरांच्या पुस्तकात कुठंच दिलेलं नाही.

त्यातच करुणालाच बघायला जवळा बाजारचे पाहुणे येणार असं ठरलं. मुलगा प्रज्ञेश, हिंगोलीत एका लॅबमध्ये नोकरीला, दिसायला बरा. तिचे वडील रामजीकाका खुश, आई मालनबाई तर हवेतच. करुणा मात्र माझ्याकडे येऊन रडली. तिला एमएस्सी करायची होती आणि घरात कोणी ते ऐकून घेत नव्हतं. या वेळी होकार आला तर दिवाळीच्या आत लग्न उरकणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि मला विचारलं, आपली पाहणी पाहुण्यांच्या देखत केली तर?

मला असल्या भानगडी फार आवडतात. मी लगेच हो म्हटलं.

ठरल्या दिवशी पाहुणे टेकले, सरबत फिरलं, मुलाची आई द्वारकाबाई आमच्या फ्रीजकडे कौतुकानं बघू लागली, आणि नेमकी तेव्हाच मी गळ्यात ओळखपत्र अडकवून दारात उभी राहिले. कॉलेजची पाहणी आहे, दोनच मिनिटं, म्हणाले. रामजीकाकांनी डोळ्यांनीच मला हाकललं. मी शहाण्या पोरीसारखं त्यांच्याकडे बघितलंच नाही. फ्रीज आहे का आणि कधी घेतला, असं विचारलं.

खाली मान घालून बसलेल्या करुणानं उत्तर दिलं, "आज सकाळी आणला. तुमच्याच घरून."

मालनबाईंच्या हातातला ट्रे वाजला. मी तोंड सरळ ठेवून वॉशिंग मशीनचं विचारलं. ते भावसिंग काकांचं, संध्याकाळी परत जायचंय, करुणा म्हणाली. कूलर? तो मात्र आमचाच आहे, पण त्याची मोटार जळलेली आहे, तिनं सांगितलं. एवढं होईपर्यंत रामजीकाकांचा चेहरा असा काही झाला की मला स्वतःचीच लाज वाटली. पण आता माघार कशी घेणार? सोयरीक मोडली असं धरून मी पेनाला टोपण लावलं.

आणि द्वारकाबाई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग त्यांनी सांगून टाकलं की दारातली जीप पोराच्या दोस्ताची आहे आणि पोराच्या हातातलं घड्याळ मामाचं. प्रज्ञेशनं घड्याळावर दुसरा हात ठेवला. माझं सगळं संख्याशास्त्र तिथंच कोसळलं. खरं बोललं की सोयरीक मोडते, हा आमचा अंदाज होता. तो बरोबर उलटा निघाला.

"अशी खरं बोलणारी पोरगी दिवा घेऊन हुडकली तरी भेटत न्हाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "आमची पसंती हाय."

मालनबाई साखर आणायला आत धावल्या. करुणा पांढरीफटक पडली. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी, मोठी कारस्थानी, नुसती हातातल्या कागदाकडे बघत उभी राहिले. पण द्वारकाबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"पोरी, सामानाचं खरं सांगितलंस. आता तुझं सांग. काय मनात हाय?"

करुणानं मान वर करून थेट त्यांच्याकडे बघितलं. "तुमच्या पोरात काही खोट न्हाई. पण मला आत्ता लग्नच करायचं न्हाई. मला पुढं शिकायचं हाय."

साखरेची वाटी घेऊन मालनबाई दारातच थांबल्या. रामजीकाका हळू आवाजात म्हणाले, "हे पाहुण्यापुढं काहून? मला घरी सांगायचं व्हतं."

"सांगितलं बाबा. महिनाभर सांगून राहिले. मी बोलाया लागले की तुमी टीव्हीचा आवाज वाढवत व्हते."

आता कोणीच हसलं नाही. रामजीकाकांना रागावताना मी पुष्कळदा बघितलं होतं, पण असं खाली बघताना कधीच नाही. मला वाटलं, उठून बाहेर जातील. ते उठले नाहीत. पाहुण्यांच्या देखत ते खाटेवर थोडे बाजूला सरकले आणि शेजारच्या जागेवर हात ठेवला.

"बस इथं," ते म्हणाले. "कुठं जावं लागतं शिकायला, राहायचं कुठं, सगळं बराबर सांग. ऐकून राहिलो मी."