नाव न घेता

बर्मेतने तोक्तोगाजी आतांना, म्हणजे आजोबांना, शब्द दिला होता, आणि आज तोच शब्द तिच्या आड येत होता.

तीन वर्षं अत-बाशी गावाला खेपा घालून तिने आतांची गाणी टिपली होती. कोमुझची तार छेडण्याआधी म्हातारा घरात एखादा प्रश्न भिरकावायचा, आणि तोच त्या गाण्याचं नाव व्हायचा. "घोडं कुणी सोडलं?" "चुलीपाशी कोण आहे?" अशी एकशेबारा नावं. "पोरी, माझे प्रश्न मोडू नकोस," त्यांनी बजावलं होतं. बर्मेतने मोडले नाहीत. बिश्केकच्या संग्रहालयात, तिच्या लिनक्स संगणकावर, प्रश्नचिन्हं सुखाने नांदत होती.

आज आतांना जाऊन वर्ष झालं. गावात दुपारी वर्षाचं जेवण होतं. त्यांच्या बायकोने, कालिचा आपाने, एकच मागणं केलं होतं: जेवणाआधी एकदा त्यांचा आवाज ऐकवा. बर्मेत स्वतःच लॅपटॉप घेऊन गेली असती, पण वाटेतला दोलोन घाट बर्फाने बंद. आणि गावातल्या शाळेच्या लॅपटॉपवर विंडोज. त्याला फाईलच्या नावात प्रश्नचिन्ह अजिबात खपत नाही.

"सगळं उतरलंय गं," सायरागुल एजे, म्हणजे ताई, फोनवर करवादल्या. शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या, साठीला टेकलेल्या बाई. "माल गोदामात आलाय, पण एक डबा फळीवर लागेल तर शपथ! नाव चालत नाही म्हणतो मेला."

"एक गाणं परत पाठवून बघू?"

"त्याच नावाने तेही अडणार, आणि हे उतरायलाच दोन दिवस लागले. इथे मटण शिजत आलंय, बाई. तू नुसती नावं बदल. गाणी आलेलीच आहेत, नावांना चिमूटभर नेट पुरेल."

"नावं नाही बदलणार. आतांना शब्द दिलाय."

"आणि आपाला काय सांगू? शब्द ऐक, आवाज राहू दे?"

"मग फेकून द्या ना ते विंडोज!"

"देते की! नवा लॅपटॉप तू घेऊन येतेस का, घाट उडून?"

बर्मेतला रडू फुटायचं बाकी होतं. मग एजेच हसल्या.

"तुझं लग्न झालेलं नाही ना, म्हणून सुचत नाही तुला. माझ्या सासऱ्यांचं नाव बुलाक, म्हणजे झरा. सुनेने सासऱ्याचं नाव कसं घ्यायचं? तीस वर्षं मी झऱ्याला 'वाहतं पाणी' म्हटलं आणि सासऱ्यांना 'वरच्या घरचे'. म्हणून त्यांचं नाव बदललं का? ते आपल्या जागी अबाधित. आणि मी कुणाबद्दल बोलतेय ते शेंबड्या पोरालाही कळायचं."

"मग?" बर्मेत सावरून बसली.

"मग काय, माझं विंडोज ही सून समज. तिच्या तोंडी नुसता आकडा दे. खरी नावं, प्रश्नचिन्हासकट, एका यादीत लिही आणि यादी गाण्यांच्याच पेटीत ठेव. यादीच्या आत काय लिहिलंय त्यावर कुणाची हरकत नसते. पडद्यावर दाखवताना यादीतलं नाव दाखवायचं. झालं!"

बर्मेतने कपाळाला हात लावला. दोन पदव्या, परदेशी परिषदा, आणि हे साधं उत्तर एका गावच्या मास्तरीणबाईंनी सासुरवासातून काढावं! "एजे, तुमचे पाय धरायला हवेत," ती म्हणाली आणि कामाला भिडली. फाईलींना आकडे दिले. यादी केली, आतांचा एकेक प्रश्न ताडून पाहिला. पुन्हा कुणी फाईलच्या नावात प्रश्नचिन्ह घातलं तर आपल्याकडेच अडेल अशी चौकीही बसवली, आणि पाठवून दिलं.

"लागले गं! एकशेबाराच्या एकशेबारा!" एजे ओरडल्या. लॅपटॉप जेवणाच्या तंबूत पोचला. फोन चालूच होता. भांड्यांचे, माणसांचे आवाज ऐकू येत होते. मग एजेंनी पडद्यावरचं नाव मोठ्याने वाचलं, "चुलीपाशी कोण आहे?"

त्यांनी कळ दाबली. आतांचा खोकला आला आणि मागोमाग त्यांचा खर्जातला आवाज: "चुलीपाशी कोण आहे?"

हे गाणं बर्मेतला पाठ होतं. इथे जरा थांबा आहे, कप वाजतो, आणि मग आपाचं हलकं उत्तर येतं. पण टिपलेलं उत्तर यायच्या आधीच कालिचा आपा बोलली, अगदी रोजच्यासारखी.

"मीच आहे हो. दुसरं कोण असणार? वाजवा तुम्ही."

आणि कोमुझ वाजू लागला.