अस्तरातली सात पत्रं

आधीच सांगून टाकते, मी भांडखोर आहे. लोक हे माझ्या मागे बोलतात. मीच तोंडावर सांगते म्हणजे सगळ्यांचा वेळ वाचतो. सिनेमांचे कपडे शिवण्यात माझी तीस वर्षं गेली आणि या तीस वर्षांत मी एकाही दिग्दर्शकाची भीड ठेवलेली नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टीत नायिकेच्या झग्याला चेन लाव म्हणाले, तर मी कात्री खाली ठेवते आणि चहाला जाते. परत येते तोवर बटणांवर एकमत झालेलं असतं.

तर या सिनेमाची गोष्ट. हा माझा शेवटचा सिनेमा ठरला होता. रविवारच्या गाडीने मी भाच्याकडे कायमची राहायला जाणार होते. खोली सोडली होती, भांडी वाटून टाकली होती. भाचा गुणी आहे, सूनही चांगली आहे, पण मला जायचं नव्हतं. आणि का जायचं नव्हतं ते माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण ते कारण पलीकडच्या टेबलावर दौत-टाक घेऊन बसलेलं असायचं आणि दिवसभरात चार शब्द बोलायचं.

त्यांना सगळे मोतीमास्तर म्हणत. अक्षर मोत्यासारखं, म्हणून. सिनेमात कुठलंही पत्र, दुकानाची पाटी, बाटलीवरची चिठ्ठी दिसली की ती मास्तरांच्या हातची समजायची. बायको जाऊन त्यांना पंधरा वर्षं झालेली. माझं लग्न राहूनच गेलं. आधी भावंडांची शिक्षणं, मग त्यांची लग्नं, मग आरशात पाहिलं तर केस पांढरे. अकरा वर्षं आम्ही एकाच खोलीत काम केलं, मी मशीनवर आणि ते टेबलावर. त्यांच्या सदऱ्याचं बटण तुटलं की मी न विचारता लावून द्यायची. माझ्या मशीनला तेल कोण घालतं हे मी कधी विचारलं नाही. पण माणसाने एकदा तरी तोंड उघडावं की नाही? रविवारी जाणार हे मी सगळ्यांना मोठ्याने सांगितलं ते कोणी ऐकावं म्हणून? मास्तरांनी टाक पुसला आणि म्हणाले, "प्रवास सुखाचा होवो."

मेलं ते सुख! त्या दिवशी मी तीन सुया मोडल्या.

बाईने आधी बोलायला काय हरकत होती, असं तुम्ही म्हणाल. होती. मी जगाशी भांडेन, पण हे एक वाक्य माझ्याच्याने निघत नव्हतं.

आता त्या पुस्तकाबद्दल. ज्या कादंबरीवर हा सिनेमा होता, ती मी पंधराव्या वर्षी पहिल्यांदा वाचली. पुढे किती वेळा वाचली ते मोजलं नाही, पण तीन प्रती फाटल्या एवढं खरं. नदीकाठचा मोठा बंगला असतो. धाकटा भाऊ बुडून मरतो आणि सगळ्यांचा संशय थोरल्यावर. थोरल्याची नवी बायको एक दिवस त्याचा जुना कोट दुरुस्तीला काढते, तर अस्तरात काहीतरी कडक लागतं. उसवून बघते तर पत्र! वरची तारीख बघूनच, भाऊ कसा मेला ते त्या पत्रात आहे हे तिला कळतं. आणि ती काय करते? न वाचता पत्र परत आत ठेवते आणि अस्तर शिवून टाकते. म्हणते, तो सांगेल तेव्हा ऐकेन. त्या पानावर मी दरवेळी रडते. प्रेम म्हणजे हे, असं मला वाटायचं. विश्वास ठेवायचा आणि शिवून टाकायचं.

आणि आमच्या दिग्दर्शकाने काय करावं? पोरगा माझ्या भाच्याच्या वयाचा. प्रत्येक शॉटनंतर "छान, अजून एक" म्हणायचा, म्हणून आम्ही त्याचं नावच अजून-एक ठेवलं होतं. तो म्हणाला, "मावशी, सिनेमात ती पत्र वाचते. मग शेकोटीत जाळून टाकते. बघायला भारी वाटेल."

"ती वाचत नाही," मी म्हणाले.

"पुस्तकात नाही वाचत. इथे वाचते."

"मग नवऱ्यावर विश्वास कुठे राहिला? तुझं तू कर. पण तू बदललेल्या त्या पत्राची एक ओळ मी वाचणार नाही. शिवायचं माझं काम आहे, शिवून देईन."

शपथच घेतली म्हणा ना, मास्तर तेव्हा शाई आणायला गेले होते. आणि मी शपथ मोडणारी बाई नव्हे.

त्या प्रसंगाचं काम असं होतं. प्रत्येक शॉटला नायिका अस्तर उसवणार, पत्र काढणार, वाचणार आणि जाळणार. म्हणजे दर शॉटला नवं पत्र हवं, आणि ते अस्तरात घालून मी पुन्हा टाके घालायचे. पत्राची जवळून घ्यायची चित्रं आधीच घेऊन झाली होती, सिनेमातला खरा मजकूर त्या पत्रात होता. बाकीची जळणारी पत्रं लांबूनच दिसणार, त्यांत मजकूर काहीही चालतो, अगदी कोरा कागदही खपतो. आमच्याकडची रीतच आहे ती. कोणी पाढे लिहितं, कोणी किराणा.

गुरुवारी सकाळी मास्तरांनी पहिलं पत्र माझ्या मशीनवर आणून ठेवलं. घडी घातलेलं, आणि खाली तशाच घडीचा एक कोरा कागद. मी पत्र अस्तरात सरकवलं, टाके घातले आणि कोरा कागद इस्त्रीखाली घ्यायला ठेवून दिला. मास्तर उभेच.

"पाहिलंत?" त्यांनी विचारलं.

"पाहिलं की. फार जाड आहे. कोटाला फुगवटा येतो. पुढचं जरा थोडक्यात आटपा."

त्यांचा चेहरा जो पडला, तो पाहून मला वाटलं, कलावंत माणूस, कागदावर बोललेलं लागलं असेल. दुसरं पत्र पातळ आलं. तेही मी शिवलं. गुरुवारी अशी चार झाली. नायिका उसवायची, पत्राकडे बघून डोळे पुसायची, शेकोटीत टाकायची. अजून-एक म्हणायचा, "छान, अजून एक." मास्तर दर पत्राबरोबर एक कोरा कागद आणायचे आणि माझ्या हाताकडे बघत उभे राहायचे. मी टाका घातला की मान खाली घालून निघून जायचे. काय हा वेंधळेपणा, म्हटलं, कागदाची नासाडी! शुक्रवारी दुपारपर्यंत आणखी दोन झाली. मास्तरांनी डबासुद्धा उघडला नाही. मला वाटलं पोट बिघडलं असेल, म्हणून मी ओवा दिला. त्यांनी तो निमूटपणे खाल्ला.

सहाव्या शॉटनंतर अजून-एक वैतागला. "तुझे डोळे फिरतच नाहीत! ओळीवरून डोळे फिरायला हवेत. तू वाचतेयस असं वाटतच नाही."

"कारण मला दिसतच नाही," नायिका म्हणाली. पोरगी गोड आहे, पण चार हातांपलीकडे आणि एका हाताच्या आत तिला सगळं धुकं. त्या काळातली नायिका म्हणून चष्मा काढलेला, आणि लेन्सने डोळे चुरचुरतात म्हणून त्या घातलेल्या नाहीत. दोन दिवस ती पांढऱ्या ठिपक्याकडे बघून रडत होती बिचारी.

लेन्स आणल्या, घातल्या. मास्तरांनी सातवं पत्र आणलं, मी शिवलं. आजचा शेवटचा शॉट होता. उद्या आवराआवर, परवा माझी गाडी. मी कॅमेऱ्याच्या मागे सुई-दोरा घेऊन उभी राहिले. पलीकडे भिंतीला टेकून मास्तर उभे होते.

नायिकेने अस्तर उसवलं. पत्र उघडलं. या वेळी तिचे डोळे खरंच फिरायला लागले. पहिल्या ओळीला कपाळावर आठी आली. दुसऱ्या ओळीला भुवया वर गेल्या. मग हळूहळू ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी. असा चेहरा मी तीस वर्षांत पाहिला नव्हता. अजून-एक खुर्चीतून अर्धा उठला होता. पत्र वाचून संपलं. आता शेकोटी. पण तिने पत्र शेकोटीपासून मागे घेतलं, छातीशी धरलं आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"कट!" अजून-एक ओरडला. "अगं, अप्रतिम! पण जाळलं का नाहीस?"

"कसं जाळू? हे माझं नाहीये," ती म्हणाली. "मावशी, हे तुम्हाला लिहिलंय."

मी म्हटलं, "मी सिनेमातलं पत्र वाचणार नाही. शपथ आहे माझी."

"अहो, सिनेमातलं नाहीये!" असं म्हणून तिने ते माझ्या हातात कोंबलं.

मोत्यासारखं अक्षर. लिहिलं होतं:

"बाई, रविवारी जाऊ नका. माझ्या घरात दोन खोल्या आहेत. एकीच्या खिडकीतून दिवसभर चांगला उजेड येतो. तुमचं मशीन तिथे मावतं, मी माप घेतलंय. मला बोलता येत नाही, म्हणून लिहितो. कबूल असेल तर हे पत्र ठेवून घ्या आणि सोबतचा कोरा कागद शिवा. नसेल तर हेच शिवून टाका. मी समजेन."

काय झालं ते डोक्यात शिरायला मला एक क्षण लागला. सात वेळा! या माणसाने मला सात वेळा मागणी घातली, आणि मी त्याच्या डोळ्यांदेखत, एकेक टाका घट्ट ओढून, त्याला सात वेळा नकार दिला! त्यातली सहा पत्रं तर शेकोटीत गेली! वर मी त्याला 'थोडक्यात आटपा' म्हणाले. वर ओवा दिला!

मेकअपवाली म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा!" आणि सगळे हसायला लागले. मी तिच्याकडे असं बघितलं की ती पावडरच्या डब्यामागे गेली.

मास्तर दारापर्यंत पोचले होते. पळून चालले होते.

"थांबा!" मी ओरडले. मास्तर थांबले. "सहा वेळा नाही म्हटल्यावर सातवं कशाला लिहिलंत?"

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "साहेब अजून एक म्हणाले."

आता तर कॅमेरावाला खाली बसून हसत होता. मला हसू येत होतं, रडू येत होतं आणि रागही येत होता, सगळं एकदमच. एवढी वर्षं मी समजत होते की न विचारता, न वाचता शिवून टाकणं म्हणजे प्रेम. पुस्तकात असेल. पुस्तकातल्या बाईचा नवरा शेवटच्या पानावर बोलतो तरी. आमच्यात दोघांनीही तोंड शिवलेलं, मग शेवटचं पान यायचं कुठून?

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "पत्र मी वाचलं. पण कागदाला मी उत्तर देणार नाही. तोंडाने सांगा."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"जाळलंत तेव्हा सगळ्यांसमोरच जाळलंत ना?"

ते जाळणं त्यांचं नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण मास्तरांनी वाद घातला नाही. तोंडावरचा घाम पुसला, गालावर शाई लागली. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

"जाऊ नका," ते म्हणाले. मग एक मोठा श्वास घेऊन, "तुम्ही नसलात तर मला आपल्या कामाच्या खोलीत बसवणार नाही. माझ्याशी लग्न करा."

मी ठरवलं होतं, अकरा वर्षं थांबवलंय, आता जरा ताणून धरायचं. निदान चहा होईपर्यंत. म्हणून मी आवाज चढवून विचारलं, "मशीनचं माप कधी घेतलंत?"

"तुम्ही जेवायला गेलात तेव्हा. वितीने."

"वितीने घेतलेलं माप कधी बरोबर येतं का? आणि नाही मावलं तर?"

"तर माझं टेबल बाहेर काढीन," मास्तर म्हणाले. एवढंच. जराही विचार न करता.

ताणून धरणं तिथेच संपलं. "हो," मी म्हणाले, आणि सगळ्या लोकांदेखत, मी, कोणाचीही भीड न ठेवणारी बाई, त्यांच्या शाईच्या बाहीत तोंड खुपसून मोठमोठ्याने रडायला लागले.