व्याह्यांचा नंबर

"जरा मोठ्यानं बोला," व्याही म्हणाले आणि त्यांनी उजवा कान पुढे केला.

वाटेत घोकलेलं वाक्य मशीनवाल्यांनी आत्ताच कसंबसं पुटपुटलं होतं. तेच आता मोठ्यानं म्हणायचं, तेही खिडक्या सताड उघड्या असताना! तीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त करण्यात गेलेला हा माणूस मुळातच अबोल. बोलायचं काम गिऱ्हाइकाचं, यांनी फक्त कान देऊन मशीनची कुरकुर ऐकायची.

"म्हटलं, माझे कर्जाचे हप्ते थकलेत," ते जवळजवळ ओरडलेच. "वसुलीवाल्यांनी तुम्हाला फोन करून नको नको ते ऐकवलं. त्याची माफी मागायला आलोय."

भाजी निवडणाऱ्या विहीणबाईंचे हात थांबले.

चूक मशीनवाल्यांचीच होती. बायकोच्या मणक्याच्या ऑपरेशनसाठी कर्ज काढताना फॉर्मवर ओळखीच्या माणसाचा नंबर मागितला होता. "कुणाचाही चालेल, काका," असं कंपनीतला माणूस म्हणालाही होता. शेजाऱ्याचा दिला असता तरी भागलं असतं. पण यांना मिरवायची कोण हौस! आपले व्याही निवृत्त मुख्याध्यापक आहेत, हे कुठेतरी लिहायला मिळतंय म्हटल्यावर यांनी हुद्द्यासकट ठळक अक्षरांत नंबर लिहिला. पुढे ज्याच्या कामावर यांचं घर चालायचं तो कपड्यांचा कारखाना बंद पडला, हप्ते चुकले आणि एके दिवशी वसुलीवाला फोनवर हसत म्हणाला, "तुमचे पराक्रम तुमच्या व्याह्यांना रोज सांगतोय बरं का." त्या दिवसापासून तीन महिने यांनी लेकीच्या घराची पायरी चढली नव्हती.

आजही आले नसते. पण मोफत सल्ला देणाऱ्या वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "काका, पैसे फेडावे लागतीलच, त्यातून सुटका नाही. पण तुमचं कर्ज तिऱ्हाइताला सांगायचा, शिव्या द्यायचा त्यांना काही अधिकार नाही. कायदा तुमच्या बाजूनं आहे. फक्त ज्यांना फोन गेले त्यांचा जबाब या फॉर्मवर आणा. काय बोलले ते शब्दन् शब्द." म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर. ज्याच्यापासून तोंड लपवायचं त्याच्याच दारात जाऊन म्हणायचं, मला काय काय शिव्या पडल्या तेवढं लिहून द्या.

"कसले फोन?" व्याही गोंधळून म्हणाले. "मला नाही कुणाचा फोन आला."

"रोज करायचे म्हणे."

"अहो, यांना फोनवरचं काही ऐकू येत नाही," विहीणबाई हळूच म्हणाल्या. "वर्ष झालं, यांचा फोन सूनबाईच घेते."

मशीनवाल्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. लेक तिथेच उभी होती. तिचा चेहरा पाहिला आणि त्यांना सगळं कळलं. पोरीनं तीन महिने एकटीनं झाकून ठेवलेलं बापानं भर दुपारी ओरडून चव्हाट्यावर आणलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सूनबाई, तू बोलली नाहीस कधी," विहीणबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

हात पुसून लेक बापासमोर येऊन बसली आणि तिनं त्यांच्या हातातला जबाबाचा फॉर्म पुढे ओढला. "जबाब मी देते. तारखा आहेत फोनमध्ये."

"वाचत वाचत लिही," व्याही म्हणाले. "मलाही कळू दे."

मग ती मोठ्यानं वाचत लिहू लागली. लबाड. बायकोच्या दुखण्यावर पैसे उकळणारा. चोराची पोर घरात आणलीत, भांडीकुंडी मोजून ठेवा. मशीनवाले फरशीकडे बघत होते. व्याह्यांनी मध्येच "शी!" म्हटलं, ते कुणाला, हे विचारायची यांची हिंमत झाली नाही.

"'आपण काय उत्तर दिले?'" तिनं पुढचा रकाना वाचला आणि तिचं पेन थांबलं.

"लिही ना," बाप म्हणाला.

"बाबा..."

"काय सांगायचीस तू त्यांना?"

ती अगदी खालच्या आवाजात काहीतरी म्हणाली.

"मोठ्यानं, बाळ," व्याही म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं.

"मी म्हणायचे, ते आमचे कुणी लागत नाहीत!" ती रडकुंडीला येऊन ओरडली. "प्रत्येक वेळी हेच म्हणायचे. मी त्यांना ओळखतच नाही म्हणायचे!"

मशीनवाल्यांना वाटलं, जन्मभर ऐकलेल्या सगळ्या शिव्या याच्यापुढे परवडल्या. पण राग आला तो स्वतःचाच. तिनं दुसरं म्हणायचं तरी काय होतं?

"तसंच लिही," ते म्हणाले. "जबाबात खरं तेच लिहायचं असतं, पोरी."

तिनं लिहिलं. त्याच्याच खाली शेवटचा रकाना होता, 'कर्जदाराशी नाते'. ती तिथवर पोचायच्या आत मशीनवाले उठले आणि दाराबाहेर जाऊन चपला शोधू लागले.