दराब्याच्या परातीचा हट्ट

मी एक जुनी पितळी परात आहे, पण मित्रांनो, मी रडगाणं गायला बसलेली नाही. तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं तेव्हा मी कुरकुरले नाही. आता स्टीलच्या परातींनी माझी बाकीची सगळी कामं नेली, तरी मला कुणाची दया नको. मला फक्त एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे.

बुऱ्हाणपूरला इतवारा भागात भाईदासचं मिठाईचं दुकान आहे. तिथला दराबा अजून माझ्यातच होतो. भाजलेला रवा, पिठीसाखर आणि तूप घालायचं आणि तळहाताने फेटत राहायचं, पार हलका होईपर्यंत. लोक खातात आणि म्हणतात, भाईदासच्या हाताला चव आहे. खाली पाठ टेकून सगळा मार मी खाते, माझं नाव कुणी घेत नाही. असो.

पण त्या चवीच्या हाताला पाणी लागत नसे. पाण्याचा थेंब पडला की दराबा बिघडतो, हे खरं आहे. भाईदासने त्यातून भलताच अर्थ काढला होता. दराब्याला बसताना तो हात धुतच नसे. कपाळाचा घाम पुसायचा, कान खाजवायचा, खांद्यावरच्या पंच्याला हात पुसायचे आणि थेट माझ्यात घालायचे. मला शिसारी येई. धुतलेले हात कोरडेही करता येतात, हे एवढ्या मोठ्या कारागिराला सांगणार कोण?

सांगितलं त्याच्या सुनेने, शारदाने. गेल्या लग्नसराईत भाईदासला नखुरडं झालं. बोट सुजलं, पिकलं. त्यावर चिंधी बांधून तो माझ्यासमोर बसला, कारण शनवारा भागातल्या एका लग्नाचा दराबा दुपारी जायचा होता. तो हात घालणार, तोच शारदाने मला ओढून मांडीवर घेतलं.

"आबा, ह्या बोटानं दराबा नाही होणार."

"तुपात काही राहत नाही, बेटा. परात दे इकडे."

"पू राहतो न आबा. लग्नात लेकरं खातील. कोणाला उलट्या झाल्या तर जिम्मेदारी कोणाची?"

"आजपर्यंत या दराब्याले दुसरा हात लागला नाही. लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. मी परात नाही देत."

दुकानात गिऱ्हाईकं उभी होती. सगळ्यांदेखत सासऱ्याला नाही म्हणणं आमच्या गल्लीत सोपं नाही. पण तिने मला सोडलं नाही. शाब्बास पोरी, मी मनात म्हटलं. भाईदासने तिच्यावर डोळे वटारले, मग तो उठला आणि बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसला. शारदाने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, स्वच्छ कपड्याने अगदी कोरडे केले आणि दराबा फेटला. तो जरा जड झाला, हे मी लपवणार नाही. पण लग्नात तो सगळ्यांनी खाल्ला आणि कुणाचं पोट दुखलं नाही.

बोट बरं होईपर्यंत भाईदास सुनेशी बोलला नाही. मग एका सकाळी तो नळाशी गेला. साबण लावून हात धुतले, पुसले आणि शारदापुढे दोन्ही तळवे धरले.

"पाहून घे."

तिने नखं पाहिली. मग हळूच म्हणाली, "आबा, अंगठी."

ती त्याच्या लग्नातली अंगठी होती. बायको गेल्यापासून त्याने ती कधी काढली नव्हती. भाईदासने मूठ मिटून घेतली. आता हा पुन्हा ओट्यावर जाऊन बसतो की काय, असं मला वाटलं. पण त्याने बोटाला पुन्हा साबण लावला, अंगठी फिरवत फिरवत काढली आणि सुनेच्या हातात ठेवली. अंगठीखाली बोटावर तुपाचा काळा थर होता. भाईदासने तो पाहिला आणि तो परत नळाकडे वळला.

मित्रांनो, विनवणी करणं माझ्या स्वभावात नाही. मिठाईवाला असो, पाणीपुरीवाला असो की घरचं माणूस, अन्नाला हात लावणाऱ्याला बिनधास्त विचारा, हात धुतले का? कुणी डोळे वटारले तर वटारू द्या. शारदावर तर भर दुकानात सासऱ्याने वटारले होते. ती जागची हलली नाही.