पहिला तोडा

“आधी माहं घे,” म्हणत माणिकबाईंनी बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला.

त्यांच्या लेकीची, गीतांजलीची चिप आज पहिल्यांदा माणसाचं रक्त बघणार होती. अमरावतीच्या प्रयोगशाळेत चार वर्षं पोरगी या काडेपेटीएवढ्या काचेपायी वेडी झाली होती. काचेत केसाहून बारीक पाट होते. रक्त सोडलं की साध्या पेशी सरळ निघून जायच्या आणि कॅन्सरच्या, अंगाने मोठ्या, बाजूच्या पाटात वळायच्या. पण दवाखान्यात कॅन्सरच्या तपासणीला येणाऱ्या बायका रक्ताची जास्तीची एक नळी द्यायला तयार नव्हत्या.

दर्यापूरजवळच्या मळ्यातल्या वांग्यांचा पहिला तोडा माणिकबाईंनी कधी विकला नाही. तो मारुतीला आणि शेजारीपाजारी जायचा. पोरीच्या मशीनलाही पहिला तोडा घरचाच पाहिजे, हे त्यांनीच ठरवलं, आणि त्यांच्यापुढे कोणाचं चालत नसे. स्तनाच्या कॅन्सरमधून त्या केव्हाच बऱ्या झाल्या होत्या. आईच्या रक्तात काही निघणार नाही, याची गीतांजलीला खात्री होती.

दुपार झाली तरी ती सूक्ष्मदर्शकावरून उठेना.

“काय दिसते?”

“चिप चुकली असन, आई. पुन्हा करून पाहा लागते.”

पुन्हा केलं. बाजूच्या पाटात तशाच मोजक्या पेशी चमकत होत्या. आपलं काम खोटं ठरू दे, म्हणून गीतांजली मनातल्या मनात हात जोडत होती.

“चुकली काहून म्हणून राहिली?” माणिकबाई रागावल्या. “इतकी खपली तू तिच्यापायी. डॉक्टरले दाखव.”

डॉक्टरांनी स्कॅन केलं. यकृतावर बारीकसा डाग होता. पूर्ण बरं होईल असं त्यांनी सांगितलं नाही; पण एवढ्या लवकर सहसा कळत नाही, म्हणाले. गीतांजली जिन्यात जाऊन रडली. माणिकबाईही घाबरल्या होत्या, तरी पोरीचं कौतुक पोटात मावत नव्हतं.

पुढच्या खेपेला त्या यंदाच्या पहिल्या तोड्याची वांगी घेऊन आल्या आणि दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या बायकांना वाटू लागल्या. एकीने ओच्यात वांगी घेत हळूच विचारलं, “त्या मशीनले रक्त द्याव का वो? खरं सांगते का थे?”

“मले तं खरंच सांगतलं,” माणिकबाई म्हणाल्या. “माह्या पोरीनं बनवली हाये.”

बाईने वांगी बाकावर ठेवली आणि बाही वर सारली.