वीसही ट्रेंना ‘नाही’

सगळ्यांनी मला वेड्यात काढलं, कारण मी वीसही प्रश्नांना ‘नाही’ दाबलं होतं. प्रत्येक प्रश्नात अवजारांच्या ट्रेचा एक फोटो आणि खाली एकच सवाल: हा ट्रे वाफेच्या यंत्रात जायला तयार आहे का? पास व्हायला सोळा मार्क लागत होते. मला मिळाले सात, कारण टॅबच्या लेखी सातच ट्रेंचं उत्तर ‘नाही’ होतं.

ऑपरेशनची अवजारं धुवायची, ट्रेमध्ये लावायची आणि वाफेवर निर्जंतुक करायची, हे काम मी एकतीस वर्षं करतेय. यंदा हॉस्पिटलने सगळं शिक्षण टॅबवर आणलं. आठ धडे बघायचे, मग परीक्षा. दोनदा नापास झालं की रवानगी चादरींच्या घड्या घालायला. घड्या घालण्यात कमीपणा नाही, पण ते माझं काम नव्हे. 

बाकी सगळ्या पास. आमच्या इनचार्ज सिस्टर तर वीसपैकी वीस!

“मावशी, हट्ट सोडा. टॅबला हवं ते उत्तर द्या आणि मोकळ्या व्हा.”

“फोटोतल्या कात्र्या मिटलेल्या आहेत, सिस्टर.”

“अहो, फोटो आहे तो! फोटोतल्या कात्रीने कुणाचं ऑपरेशन होणार आहे?”

सगळ्या खो खो हसल्या. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या अवजारांच्या खोलीची रीत आहे: ट्रे यंत्रात सरकवणारी विचारते, “उघडी का?” आणि लावणारी म्हणते, “उघडी!” कात्री, चिमटा, जे जे मिटतं ते उघडंच जायला हवं, नाहीतर पात्यांच्या मधे वाफ पोचत नाही. दिवसातून पन्नास वेळा हे ओरडणाऱ्या बायका टॅबसमोर विसरल्या, कारण टॅब काही “उघडी का?” विचारत नाही.

घरी सून म्हणाली, “आई, चला, धडे पुन्हा बघू.” बाकीच्यांनी व्हिडिओ पुढे ढकलत संपवले होते. आम्ही दोघींनी शब्द न् शब्द ऐकला. तिसऱ्या धड्यात सून एकदम ओरडली, “अहो आई, हे तर तुमचंच म्हणणं सांगतायत!” आणि तिने माझ्या तळहातावर पेनाने आकडा लिहिला: अकरा.

दुसरी परीक्षा ट्रेनर सरांच्या समोर होती, म्हणजे सर स्क्रीनवर आणि मी टॅबपुढे. मागे अख्खी खोली उभी. मी पुन्हा वीसही वेळा ‘नाही’ दाबलं. पुन्हा सात.

“मावशी, दुसरी संधीही गेली,” सर म्हणाले. “काही शंका आहे?”

 मी मिटलेली कात्री कॅमेऱ्यापुढे धरली. “सर, तुमचा तिसरा धडा लावा. अकरावं मिनिट.”

त्यांनी लावला. त्यांचाच आवाज खोलीभर घुमला: मिटणारं प्रत्येक अवजार उघडं ठेवूनच यंत्रात पाठवा. सरांनी वीसही फोटो एकेक करून पाहिले. 

“हे फोटो आम्ही विक्रेत्याच्या कॅटलॉगमधून उचलले,” ते शेवटी म्हणाले. “चारशे जणांनी परीक्षा दिली, मावशी. तुमच्याशिवाय एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्यासुद्धा.”

दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवी यादी लागली. बाकी सगळे निकाल रद्द. पास एकच, वीसपैकी वीस. मी ती यादी तीनदा वाचली, मग चष्मा पुसून चौथ्यांदा.

नवे फोटो आमच्याच खोलीत काढले, माझ्या हातांनी लावलेल्या ट्रेंचे. काहींत मीच मुद्दाम चुका पेरल्या. त्यानंतर फेरपरीक्षेला पहिल्या बसल्या त्या सिस्टर. पहिलाच फोटो आला आणि त्यांचं बोट सवयीने ‘हो’कडे निघालं.

मी मागूनच विचारलं, “उघडी का, सिस्टर?”

बोट हवेत थांबलं. त्यांनी वाकून फोटो पाहिला आणि ‘नाही’ दाबलं.